पुतळा किती हलतो ते नंतर बघू, पाहुणा त्याला किती सेकंद बघणार ते आधी सांगा

प्रश्न असा आहे की थीम पार्कमधले हलणारे-बोलणारे पुतळे एवढे जिवंत कसे काय वाटतात, त्यातलेच काही मात्र बघवत नाहीत असं का, आणि आता चालणारे रोबो यायला लागलेत तर जागेवर बसवलेले हे पुतळे बाद होणार का. विचारणारा मेकॅनिकलचा विद्यार्थी आहे, या लाइनमध्ये यायचंय म्हणतोय, म्हणून जरा पाल्हाळ लावून लिहितो. मी आधी या फिगर्सचं प्रोग्रॅमिंग केलं आणि नंतर बरीच वर्षं मेंटेनन्समध्ये काढली, त्यामुळे माझं मत थोडं तेलकट हातांचं आहे हे धरून चाला. (आमच्यात पुतळा कोणी म्हणत नाही, फिगर म्हणतात, आणि तिच्या प्रत्येक स्वतंत्र हालचालीला फंक्शन. मान डावी-उजवी एक फंक्शन, मान वर-खाली दुसरं, असं.)

बहुतेक लोक पहिला प्रश्न विचारतात की याच्यात मोटारी किती. जाहिरातीतही तोच आकडा येतो. पण कामाला सुरुवात करताना आम्ही विचारतो तो प्रश्न वेगळाच असतो: पाहुणा हिला किती सेकंद बघणार, किती लांबून, आणि तेव्हा तो स्वतः हलतोय का बसलाय. एवढं ठरलं की किती फंक्शन लागतील, कातडी कसली, उजेड किती, हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारं) घ्यायचं का इलेक्ट्रिक, सगळं बऱ्यापैकी आपोआप ठरत जातं. आणि जिथे फिगर फसलेली दिसते तिथे बहुतेक वेळा हे गणित चुकलेलं असतं, तंत्रज्ञान कमी पडलं असं क्वचितच असतं.

उदाहरणं देतो म्हणजे पटेल. डिस्नेलँडमध्ये १९६३ साली एन्चांटेड टिकी रूम सुरू झाली, त्यातले गाणारे पक्षी हे या सगळ्या प्रकाराचे आजोबा. पक्ष्याला करायचं काय तर चोच उघडझाप, मान वळवणं, छाती फुगवणं, बस. चोच उघडी नाहीतर बंद, मधलं काही नाही. टेपवर गाण्याबरोबरच इशाऱ्याचे सूर रेकॉर्ड केलेले असायचे, त्या सुराने एक पत्ती थरथरायची, रिले लागायचा, हवेचा व्हॉल्व्ह उघडायचा की चोच उघडली. एवढ्या बाळबोध यंत्रणेवर लोक खूश होऊन बाहेर पडायचे, कारण पक्षी वर टांगलेले, शंभराच्या वर, आणि तुमची नजर एकावर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टिकतच नाही, दुसरा कुठेतरी गायला लागतो. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. श्वास घेताना पक्ष्याच्या छातीवरची पिसं विस्कटून मध्ये फट पडायची. हॅरिएट बर्न्स या बाईंच्या लक्षात आलं की वॉल्ट डिस्ने बोलताना हात वाकवतात तेव्हा त्यांच्या कश्मिरी लोकरीच्या स्वेटरचं कोपर कसं छान ताणलं जातं आणि परत जागेवर येतं, मग तसलं कापड छातीला लावलं. या धंद्यातले निम्मे शोध असेच असतात, कापड, गोंद आणि शिवण.

पुढच्याच वर्षी, १९६४ ला, न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात इलिनॉय राज्याच्या दालनात अब्राहम लिंकन उभा राहिला. हा मात्र पूर्ण वेगळा प्राणी. चेहरा लिंकनच्या खऱ्या चेहऱ्यावरून १८६० साली घेतलेल्या साच्यावर बेतलेला. पण अवघड भाग तो नव्हताच. प्रेक्षक खुर्चीत बसलेत, समोर एकच माणूस आहे, आणि काही मिनिटं दुसरीकडे बघायला काहीही नाही. खुर्चीतून उठायचं, उभं राहून भाषण द्यायचं, तेही सगळ्यांना ओळखीच्या चेहऱ्याने. माझ्या मते आजही यापेक्षा कठीण परीक्षा नाही. सुरुवातीला त्याने बनवणाऱ्यांना भरपूर छळलंही. आणि म्हणूनच हा पुतळा पुन्हा पुन्हा नव्याने बांधावा लागला, २००९ साली तर विजेच्या मोटारींवर चालणारं नवं डोकं बसवलं. टिकी रूमच्या पक्ष्यांवर कोणी एवढा जीव काढलेला नाही, गरजच नव्हती.

मग १९६७ ला डिस्नेलँडमध्येच पायरेट्स ऑफ द कॅरिबियन आली. ही बोटीतून फिरायची राईड, म्हणजे पाहुणा हलतोय, अंधार आहे, आणि एका प्रसंगाला १०-१५ सेकंद मिळतात फार तर. मार्क डेव्हिस हा मुळात कार्टूनवाला माणूस, त्याने हे बरोबर ओळखलं होतं की एवढ्या वेळात कथा सांगता येत नाही, एक नजर टाकली की कळेल असं चित्र द्यायचं. तुरुंगातले चाचे (समुद्री लुटारू) हाडूक दाखवून किल्ली तोंडात धरलेल्या कुत्र्याला बोलावतायत, संपलं, सगळं कळलं. हालचाली मोजल्या तर अगदी थोड्या. पण फिगर एकमेकींकडे बघतायत, एकमेकींशी काहीतरी चाललंय, त्यामुळे आपण बघणारे बाहेरचे आणि त्यांचं जग आपल्याशिवाय सुरू आहे असं वाटतं. पुलाच्या कठड्यावर एक चाचा पाय खाली सोडून बसलाय, बोट त्याच्या खालून जाते, तुम्ही वर बघता तर मळकट तळवा आणि पायावरचे केस. लोकांना ती राईड आठवते तेव्हा तो पाय आठवतो. मोटारवाल्याने यात काय केलंय, जवळपास काही नाही, ज्याने केस चिकटवले त्याने केलंय.

आता उलटं उदाहरण. फ्लोरिडाच्या ॲनिमल किंगडममध्ये एक्स्पिडिशन एव्हरेस्ट नावाची रोलर कोस्टर २००६ साली सुरू झाली, तिच्या शेवटी यती आहे, सुमारे २५ फुटांचा, डिस्नेने तोवर केलेल्या सगळ्यात मोठ्या आणि ताकदवान फिगर्सपैकी एक. सुरू झाल्यावर थोड्याच काळात त्याची हालचाल बंद करावी लागली आणि तेव्हापासून तो जागच्या जागी उभा असतो, त्याच्यावर झगमगता स्ट्रोब लाइट मारतात म्हणजे हलल्याचा भास होतो. चाहत्यांनी त्याचं नाव डिस्को यती ठेवलंय. सगळे हळहळतात, मीही हळहळतो, एवढं मोठं यंत्र गप्प उभं बघवत नाही. पण धंद्याच्या नजरेने बघितलं तर गाडी त्याच्या खालून वेगात निघून जाते, पाहुण्याला एक-दोन सेकंद मिळतात, त्यात तो ओरडत असतो आणि निम्म्यांचे डोळे मिटलेले असतात. त्या एक-दोन सेकंदांसाठी एवढी ताकद, एवढं वजन, आणि ते सगळं पेलायला तेवढंच मजबूत बांधकाम. बहुतेक माणसं आजही खाली उतरून यती बघितला म्हणूनच सांगतात.

बरं, ज्या फिगरकडे पाहुणा खरंच निवांत बघणार आहे तिच्यात काय करायचं? तर पहिले डोळे. दुसरेही डोळेच. माणूस मान वळवतो तेव्हा आधी डोळे जातात, मग मान, मग गरज पडली तर खांदा. नवखा प्रोग्रॅमर तिन्ही एकदम सुरू करतो आणि एकदम थांबवतो, आणि मग फिगर रडारसारखी दिसते. डोळे सरकत नाहीत, टुणकन उडी मारतात आणि थांबतात, परत उडी मारतात. मान मोठी वळली तर त्यातच एक पापणी मिटते. माणूस सहज बसलेला असताना मिनिटाला साधारण १५-२० वेळा पापण्या लववतो पण ठराविक अंतराने नाही, कधी दोनदा लागोपाठ, कधी बराच वेळ नाही, हे बेशिस्त अंतर मुद्दाम हाताने घालावं लागतं. आणि दोन्ही डोळे वेगवेगळे फिरवता येत असतील तर जवळच्या वस्तूकडे बघताना ते किंचित आत वळले पाहिजेत, नाहीतर फिगर तुमच्याकडे बघत नसून तुमच्या आरपार बघतेय असं वाटतं. लोकांना कारण सांगता येत नाही, फक्त 'काहीतरी विचित्र आहे' म्हणतात.

डिस्नेच्या संशोधन विभागाने २०२० साली एक अर्धपुतळा दाखवला होता, त्याला कातडीच नव्हती, कवटी, दात आणि डोळ्यांचे गोळे उघडे. तो समोरच्या माणसाकडे बघायचा, जरा लक्ष द्यायचा, कंटाळल्यासारखा परत आपल्या वाचनाकडे वळायचा, ओळख पटली तर मान हलवायचा, आणि हे सगळं होताना छातीत हलकासा श्वास. भयानक दिसतो तो. पण जिवंत वाटतो यात शंका नाही. तो व्हिडिओ प्रत्येक विद्यार्थ्याने बघावा, कारण जिवंतपणा कातडीत असतो हा गैरसमज तिथेच संपतो.

दुसरी गोष्ट म्हणजे थांबणं. फिगरने काहीही करत नसतानासुद्धा पूर्ण थांबायचं नाही. वजन एका पायावरून दुसऱ्यावर अगदी किंचित, मान अर्धा अंश, श्वास. हे एवढं कमी असतं की ते चालू आहे हे पाहुण्याला कळत नाही, बंद पडलं की मात्र लगेच कळतं. आणि याच्या उलट दुसरा रोग म्हणजे सतत हातवारे, बिचाऱ्या फिगरला एक क्षण शांत बसू देत नाहीत, कारण पैसे देऊन फंक्शन घेतलंय तर वापरलंच पाहिजे असं क्लायंटला वाटतं. माणूस एवढे हात हलवत नाही हो.

ओठांचं पण सांगतो. सगळे अक्षरन् अक्षर जुळवायला बसतात आणि तोंड शिवणयंत्रासारखं चालायला लागतं. प, ब, म या अक्षरांना ओठ खरंच मिटले पाहिजेत, आणि मोठ्या आ ला जबडा खरंच उघडला पाहिजे, बाकी मधलं गुळगुळीत गेलं तरी चालतं. जबडा आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी सुटलेला बरा दिसतो. यात अंतरही बघायचं, १० मीटरवरून आवाज पोचायला साधारण २९ मिलिसेकंद लागतात, सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर जवळजवळ एक फ्रेम गेली. स्पीकर फिगरच्या अंगातच किंवा अगदी जवळ लपवतात ते यासाठीसुद्धा, नाहीतर तोंड इथे आणि आवाज छतातून.

आता यंत्र. जुन्या मोठ्या फिगर हायड्रॉलिक, म्हणजे तळघरात पंप, तिथून तेल दाबाखाली नळ्यांतून वर. ताकद अफाट, आकाराने लहान, आणि गळणार म्हणजे गळणार. पांढऱ्या शर्टावर लाल तेलाचा डाग उमटला की रात्रपाळीच्या माणसाला शोच्या आधी कपडेही बदलावे लागतात. हवेवर चालणारं स्वस्त आणि साधं, पण हवा दाबली जाते त्यामुळे मधल्या जागी नेमकं थांबवणं अवघड, म्हणून उघड-मीट कामांना. बराच काळ मोठी अडचण ही होती की हात जोरात हलवून झटक्यात थांबवला की सगळी फिगर थरथरायची, त्यामुळे सगळं जरा संथच ठेवायचे, जुन्या फिगर पाण्याखाली असल्यासारख्या वाटतात त्यामागे हे आहे. १९८९ साली फ्लोरिडातल्या ग्रेट मूव्ही राईडमध्ये जी दुष्ट चेटकीण आली ती याबाबतीत मोठी पायरी होती. नियंत्रण असं केलं की हात थांबताना किंचित पुढे जाऊन परत येऊ शकतो, आपला जातो तसा, आणि मग वेगवान हालचाल करूनही अंग थरथरत नाही. आता बहुतेक नवीन काम इलेक्ट्रिक आहे. २०१९ चा होंडो ओनाका हा स्टार वॉर्समधला लुटारू, त्याला जवळपास ५० फंक्शन, सगळं विजेवर. बारीक हालचाल सुंदर मिळते, तेलाचा त्रास गेला, त्याऐवजी मोटार तापणं आणि गिअरचा आवाज हे नवीन पाहुणे आले.

मेंटेनन्सबद्दल लोक कधीच विचारत नाहीत म्हणून मीच सांगतो. ३० सेकंदांचा लूप धरा आणि पार्क १४ तास उघडं. दिवसाला १,६८० वेळा तोच हात वर जातो. वर्षाला सहा लाखांच्या वर. कॉलेजच्या प्रदर्शनात पाचशे वेळा हललेला रोबो तिथे पहिली सकाळ पण काढणार नाही. सिलिकॉनची कातडी तोंडाच्या कोपऱ्यात आणि पापणीपाशी फाटते, कारण ताण तिथेच येतो. वायर सांध्यापाशी आतल्या आत तुटते, बाहेरून धडधाकट दिसते. बोटीच्या राईडमध्ये दमट हवा सगळ्याला गंज चढवते. म्हणून डिझाइनच्या मीटिंगमध्ये मेंटेनन्सचा माणूस नसेल तर समजा पुढे कटकट आहे. मी एका ठिकाणी बघितलंय की मनगटाची एक छोटी मोटार बदलायला अख्खा खांदा उतरवावा लागायचा, शेवटी ते मनगट कायमचं बंद करून टाकलं आणि पाहुण्यांपैकी एकाने सुद्धा तक्रार केली नाही. बघणारा होताच वीस फुटांवर, म्हणजे ते फंक्शन मुळातच नको होतं.

चेहरा आतून प्रोजेक्ट करायचा हा एक मार्ग मध्ये फार चालला, उदाहरणार्थ २०१४ ची सात बुटक्यांच्या खाणीची राईड. भाव भरपूर दाखवता येतात, कातडी फाटत नाही. पण चेहरा दिव्यासारखा उजळतो आणि मान, हात मात्र खोलीच्या उजेडात, त्यामुळे मुंडकं वेगळं वाटतं. गाडी भरकन जात असेल तर खपून जातं, संथ बोटीतून बघितलं की डोळ्यात खुपतं. परत तेच, सेकंद.

आणि 'बघवत नाही' याचं उत्तर. जपानचे रोबोतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये मांडलं होतं की यंत्र माणसासारखं दिसत जातं तसं आपल्याला आवडत जातं, पण अगदी माणसाच्या जवळ आलं की एकदम किळस येते, आणि ते हलायला लागलं की ही दरी आणखी खोल होते. आमच्याकडे त्याचा व्यवहारी अर्थ एवढाच की चेहऱ्याने जेवढं वचन दिलं तेवढी हालचाल देता आली पाहिजे. लाकडी बाहुलीने फक्त मान डोलावली तरी चालते कारण तिने जास्त काही कबूल केलेलं नसतं. प्रत्येक रोमछिद्र दिसणारा चेहरा केला आणि आत जबडा व दोन भुवया एवढंच असेल तर तो मेलेला वाटणारच. २०२५ च्या जुलैत डिस्नेलँडच्या सत्तरीनिमित्त खुद्द वॉल्ट डिस्नेंचा पुतळा आला त्यावर त्यांच्या नातीनेच जाहीर नाराजी व्यक्त केली होती. ओळखीच्या माणसाला हे करायला जाणं म्हणजे लिंकनपेक्षा वरची परीक्षा, कारण लिंकनला बोलताना कोणीच बघितलेलं नव्हतं.

चालणाऱ्या रोबोंकडे येतो. हे एकदम आत्ताचं नाही, २००३ साली लकी नावाचा डायनासोर पार्कात चालत फिरायचा, फुलांची गाडी ओढत, आणि त्याला चालवायची वीज त्या गाडीतच दडवलेली असायची. झकास आयडिया होती, गाडी गोष्टीचा भाग पण आणि बॅटरीची पेटी पण. २०२३ मध्ये डिस्नेलँडमध्ये ट्रायलला आलेले छोटे दोन पायांचे बीडीएक्स ड्रॉइड हे मात्र वेगळ्या पिढीचे. यांना चालणं पायरी-पायरीने प्रोग्रॅम करून दिलेलं नाही. ॲनिमेटर सांगतो याने कसं चालावं, ठुमकत, भेदरत, ऐटीत, मग कॉम्प्युटरमधल्या खोट्या जगात या रोबोच्या हजारो प्रती एकाच वेळी पडत-उठत शिकतात, ॲनिमेटरच्या हालचालीच्या जवळ राहिलात आणि पडला नाहीत तर गुण. मग ते शिकलेलं डोकं खऱ्या रोबोत घालायचं. जवळपास एक माणूस हातात गेमसारखा कंट्रोलर घेऊन असतो, कुठे जायचं, कोणाकडे बघायचं, लाजायचं का चिडायचं हे तो ठरवतो, तोल रोबो सांभाळतो. म्हणजे हे पूर्ण स्वयंचलित आहे असं समजू नका, ही कठपुतळीच आहे आणि चांगल्या कठपुतळीवाल्याशिवाय अर्ध्या मिनिटात कंटाळवाणी होईल.

त्यानंतरचा ओलाफ हा 'फ्रोझन' सिनेमातला बर्फाचा बाहुला तर मला जास्त इंटरेस्टिंग वाटतो, कारण त्याचा आकार रोबोला अजिबात सोयीचा नाही. भलंमोठं डोकं, बारीक मान, आणि पाय म्हणजे अंगाला सुटे लागलेले बर्फाचे गोळे. खरे पाय मऊ फोमच्या झालरीखाली लपवलेत. डोकं जड म्हणून मानेच्या मोटारी तापतात, तर शिकवतानाच त्यात तापमान घातलं, गरम व्हायला लागली की तो आपणहून मान जरा सोयीच्या जागी आणतो. पाऊल आपटल्याचा आवाज कमी करण्यालाही गुण ठेवले, कारण बर्फाचा माणूस धप धप वाजला तर संपलंच. इथे सेकंदांचं गणित पूर्ण उलटतं हे लक्षात घ्या. पाहुणा पाच फुटांवर, भरदिवसा, पाहिजे तेवढा वेळ, मोबाइल समोर धरून. लपायला ना अंधार ना अंतर. म्हणूनच बघा की हे चालणारे सगळे कार्टून किंवा यंत्रच आहेत, हुबेहूब माणूस कोणी सोडलेला नाही, आणि इतक्यात सोडू पण नये.

माणसासारखा फिगर मोकळ्यावर वापरायचा तर कसा, त्याचं उत्तम उत्तर २०२१ ला कॅलिफोर्नियात आलेल्या स्पायडरमॅनने दिलंय. त्याला इमारतीवरून हवेत भिरकावतात, सुटल्यावर उडताना दोरी नाही, आत सेन्सर आहेत ते कळवतात शरीर किती फिरलंय, त्यावरून तो हातपाय जवळ घेतो किंवा पसरतो आणि गिरकी आवरतो, मग इमारतीच्या मागे जाळीत पडतो. थोड्या वेळाने भिंतीवरून उतरतो तो हाडामांसाचा कलाकार. रोबोला फक्त ते काही सेकंद दिलेत जे माणसाला जिवाच्या भीतीने देता येत नाहीत, बाकी सगळं माणसाकडे. एवढं स्वच्छ काम मी फार कमी बघितलंय.

तर बसवलेल्या फिगर बाद होणार का? मला नाही वाटत. चालणाऱ्याला बॅटरी स्वतः उचलायची असते, हलकं राहायचं असतं, लहान पोराचं बोट सांध्यात जाणार नाही याची काळजी घ्यायची असते. बसवलेल्या फिगरला खालून हवी तेवढी वीज, हवं तेवढं वजन, आणि तासाला शेकडो-हजारो पाहुणे तिच्यासमोरून जातात. चालणारा एका वेळी एका घोळक्याला भेटतो. धंदे वेगळे आहेत. २०२४ मध्ये फ्लोरिडात टियानाची बोटीची राईड सुरू झाली तिच्यात डझनावारी नवीन फिगर बसवल्यात, बाद होणाऱ्या वस्तूवर कोणी एवढा खर्च करत नाही.

उलट मला वाटतं बसवलेल्या फिगरने शिकायला पाहिजे ते नेदरलँड्सच्या एफ्टेलिंग पार्कातल्या होले बोले गाइसकडून. तो म्हणजे तोंड वासून बसलेला जाड्या, खरं तर कचऱ्याची पेटी, 'कागद इकडे' असं ओरडतो, तोंडापाशी कागद धरला की हवेने ओढून घेतो आणि धन्यवाद म्हणतो. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे आहे, हलत जवळपास काहीच नाही, आणि पोरं कागद शोधत पार्कभर फिरतात. त्याने तुमच्या कृतीला उत्तर दिलं, एवढ्यावर भागतं.

आता तुम्ही सुरुवात कुठून करायची ते. ह्युमनॉइड बनवायला घेऊ नका, पैसे आणि उत्साह दोन्ही सहा महिन्यांत संपतात. दोन डोळे, पापण्या आणि मान एवढंच बनवा, पाच-सहा साध्या सर्व्हो मोटारी (सांगितलेल्या कोनात वळून थांबणाऱ्या), चेहरा प्लॅस्टिकचा उघडाच राहू दे. मग तीस सेकंदांचा एक प्रसंग लिहा, शब्द नकोत, म्हणजे कोणाची तरी वाट बघतोय, चाहूल लागली, तो नव्हताच. हालचाली एकेक फंक्शन करून भरा, डोळे आधी. आणि कागदावर पहिल्या ओळीत लिहा की बघणारा किती लांब आहे. मित्राला दाखवा, पण 'कसं वाटलं' विचारू नका, 'काय झालं ते सांग' म्हणा. त्याने वाट बघणं ओळखलं तर पुढे जबडा जोडा. नाही ओळखलं तर मोटार वाढवू नका, वेळा बदला. आणि जमल्यास तेच दिवसभर सलग चालवून ठेवा, संध्याकाळी काय सैल झालंय ते बघा, नोकरीच्या मुलाखतीला मी तरी तेवढंच विचारेन.